कांचनाबुरीला जायचं तर दोन रात्री हाताशी ठेवा

मी रेल्वेत रूळ सांभाळण्याच्या कामात ३६ वर्षं काढली. त्यातली १९ वर्षं कर्जत-लोणावळा घाटात. त्यामुळे परदेशात कुठेही गेलो तरी माझी नजर आधी खाली, रुळांकडे जाते. थायलंडमधल्या कांचनाबुरीला, दुसऱ्या महायुद्धात हजारो माणसांचा बळी घेतलेल्या ‘डेथ रेल्वे’च्या गावाला, मी दोनदा गेलो. पहिली भेट वाया गेली आणि दुसरी अजून मनातून जात नाही. हे लिहितोय ते बँकॉक-पट्टायाला निघालेल्यांची पहिली भेट तशी होऊ नये म्हणून.

पहिल्यांदा आम्ही एका टूरबरोबर होतो. सकाळी बँकॉकहून बस, दुपारी हत्ती, संध्याकाळी तरंगता बाजार, आणि या सगळ्याच्या मध्ये ‘क्वाय नदीवरचा पूल’. गाईडने पंचवीस मिनिटं दिली. पुलावर फोटो झाले. थोड्या अंतरावर एक दगडी स्मारक दिसलं, ते कुणाचं हे विचारायच्या आत बसचा हॉर्न वाजला. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की आपण कशावर उभे राहून हसलो. तो फोटो मी फ्रेममधून काढून ठेवला.

म्हणून पहिली गोष्ट, बँकॉकहून एका दिवसात जाऊन येऊ नका. अंतर फक्त १३० किलोमीटरच्या आसपास आहे, पण तिथे पाहायचं ते ८०-९० किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेलं आहे. गावात दोन रात्री राहा. नदीकाठी साध्या, स्वच्छ खोल्या सहज मिळतात.

निघण्याआधी थोडी उजळणी करा. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला. तिथल्या फौजेला रसद पोचवायला समुद्रमार्ग धोक्याचा झाला, म्हणून थायलंडमधल्या नोंग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायापर्यंत जंगल-डोंगरातून ४१५ किलोमीटरची मीटर गेज लाइन टाकायचं ठरलं. ४१५ किलोमीटर म्हणजे मुंबईहून निघालात तर जवळजवळ जळगाव. ही लाइन साधारण सव्वा वर्षात टाकून झाली. दोन्ही बाजूंनी येणारे रूळ १७ ऑक्टोबर १९४३ रोजी एकमेकांना मिळाले. आमच्या बोरघाटाला १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं लागली होती. ज्याने एकदा तरी पावसाळ्यात घाटातली दरड उपसली आहे, त्याला सव्वा वर्ष हा आकडा ऐकूनच धस्स होतं.

काम केलं ते युद्धकैद्यांनी आणि मजुरांनी. कैदी साठ हजारांहून जास्त: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, थोडे अमेरिकन. त्यातले बारा हजारांहून अधिक मेले. मजूर दोन लाखांच्या आसपास: मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, मलय, ब्रह्मी, जावाचे, चिनी. त्यांच्यातल्या मृतांचा अंदाज ९० हजारांच्या घरात जातो. अंदाजच, कारण त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. कैद्यांकडे त्यांचे डॉक्टर होते, अधिकारी होते, चोरून लिहिलेल्या वह्या होत्या. मळ्यावरच्या माणसांना ‘तीन महिन्यांचं काम’ म्हणून नेलं. काही जण बायकामुलांसह गेले. पटकी आली तेव्हा त्यांच्यापाशी कुणीच नव्हतं. हा फरक डोक्यात ठेवून कांचनाबुरीत फिरा. तिथली प्रत्येक जागा त्यामुळे वेगळी दिसते.

आपला संबंध विचाराल तर तोही आहे. ज्या फौजेसाठी ही लाइन टाकली, तीच १९४४ मध्ये इंफाळवर चालून आली. मणिपुरातल्या सांगशाकला तिला अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. घरातलं कुणी त्या काळात ‘बर्माला गेलं’ आणि परतलं नाही असं असेल, तर त्यांचं नाव कांचनाबुरीत शोधू नका. हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला जाई, त्यामुळे कबर नसते. नावं स्मारकांवर कोरलेली असतात. ब्रह्मदेशात पडलेल्यांसाठी रंगूनजवळचं तौक्यान, मलाया-सिंगापूरसाठी सिंगापूरचं क्रांजी, इंफाळसाठी इंफाळ. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण, नंबर टाकून शोधता येतं. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. जाधव, गायकवाड दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा.

पुण्यात किंवा आसपास राहत असाल तर आधी एका सकाळी खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन या. तीही याच आयोगाची. कापलेलं गवत, सारख्या ओळी, मधला उंच क्रॉस, दाराशी ठेवलेली नोंदवही. तिथे फिरायची सवय झाली की परदेशात अवघडल्यासारखं होत नाही.

कसं जायचं

गाडीनेच जा. बँकॉकच्या मुख्य स्टेशनातून ही गाडी सुटत नाही. नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनातून सुटते, दिवसाला दोनच, सकाळची पावणेआठच्या सुमाराला आणि दुसरी दुपारी. वेळ आदल्या दिवशी स्टेशनातच विचारून घ्या. सगळे डबे तिसऱ्या वर्गाचे, पंख्याचे, खिडक्या उघड्या. मी गेलो तेव्हा परदेशी प्रवाशाला कुठेही उतरलं तरी १०० बाट होते. अडीच-तीन तासांत कांचनाबुरी येतं. बँकॉकच्या दक्षिण बस टर्मिनलवरून मिनीव्हॅन लवकर पोचवतात, पण या जागेला रुळांवरूनच जावं असं मला वाटतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. एप्रिलमध्ये ऊन सोसत नाही. नोव्हेंबरअखेरीस पुलावर रोषणाई आणि आवाजाचा कार्यक्रम असतो, जत्रा भरते. ज्यांना शांतपणे पाहायचं आहे त्यांनी तो आठवडा टाळावा. शाकाहारी असाल तर ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसतो. तिथे माशाचा रसही घालत नाहीत, मात्र कांदा-लसूणही नसतो.

पहिला दिवस: आधी संग्रहालय, मग दफनभूमी

क्रम महत्त्वाचा आहे. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर डेथ रेल्वे म्युझियम आहे. रॉड बीटी या ऑस्ट्रेलियन माणसाने वर्षानुवर्षं जंगलात फिरून जुनी लाइन शोधली, साफ केली आणि २००३ मध्ये हे संग्रहालय उघडलं. इथे घाई करू नका, अडीच तास द्या. सर्वेक्षण कसं झालं, रूळ कुठून उखडून आणले, लाकडी पूल कसे बांधले, कुठल्या छावणीत कुठल्या महिन्यात किती माणसं मेली, सगळं नीट लावून दाखवलं आहे. मजुरांसाठीही जागा राखली आहे. तिथे कमी लोक थांबतात, तुम्ही थांबा. नंतर वरच्या मजल्यावर चहा घ्यायला बसा. खिडकीतून समोरची दफनभूमी दिसते. तिथे जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं बसायला ती जागा चांगली आहे.

कांचनाबुरी वॉर सिमेट्रीत सुमारे सात हजार जण आहेत, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. अमेरिकनांचे अवशेष त्यांच्या देशाने युद्धानंतर परत नेले. समाध्या बुटक्या आहेत, वर तिरपी धातूची पाटी. त्यावर नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि खाली घरच्यांनी दिलेली एखादी ओळ.

सगळं बघायचा प्रयत्न करू नका. एक ओळ निवडा आणि पहिल्या पाटीपासून शेवटच्यापर्यंत वाचा. मी तसंच केलं. वयं वाचली: बावीस, पंचवीस, एकोणतीस. मग तारखांकडे लक्ष गेलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर १९४३, पुन्हापुन्हा तेच. त्या वर्षी पाऊस लागला, पटकी पसरली, आणि त्याच महिन्यांत जपानी अधिकाऱ्यांनी काम ‘स्पीडो, स्पीडो’ म्हणत दामटलं. संग्रहालयात तक्ता बघितला होता, पण तारखा एकेक करून वाचताना तो अंगावर येतो. दोन कबरी अशा आहेत की त्यांत मिळून ३०० जणांची राख आहे. पटकीत गेलेल्यांना जाळावंच लागलं.

प्रवेशद्वाराच्या इमारतीतून लोक थेट आत चालत जातात. तुम्ही तिथेच थांबून भिंत वाचा. तिथे ११ नावं आहेत, अविभाजित हिंदुस्थानच्या लष्करातल्या शिपायांची. थायलंडमधल्या मुस्लिम कबरस्तानांत त्यांना पुरलं होतं, तिथल्या कबरी राखणं शक्य नव्हतं म्हणून नावं इथे आणली. माझ्यासोबत आलेल्या दोन गुजराती कुटुंबांना मी ती दाखवली. कुणालाच माहीत नव्हती.

वागण्याचं थोडक्यात सांगतो. टोपी काढा. समाधीच्या दगडावर बसू नका, पिशवी ठेवू नका. फोटो काढायचा तर पाटीचा काढा, तिच्यासोबत स्वतःचा नको. कुणी एखाद्या समाधीपाशी एकटं उभं असेल तर लांबून वळसा घ्या. तो त्यांचा आजोबा असू शकतो. नोंदवहीत मराठीत लिहा. मी लिहिलं.

वेळ उरला तर नदीपलीकडच्या चुंगकाईला जा. तिथे कैद्यांच्या रुग्णालयाची छावणी होती. दफनभूमी लहान, झाडीतली आणि बहुतेक वेळा रिकामी असते. वाट चायचुमफोन या देवळाच्या आवारात १९७७ पासून ‘जीथ’ संग्रहालय आहे, बांबूच्या झोपडीत कैद्यांची चित्रं आणि फोटो लावलेले. ते अर्ध्या तासात होतं. पुलाजवळ जवळपास त्याच नावाचं दुसरं खासगी संग्रहालय आहे, रिक्षावाल्याला देवळाचं नाव सांगा म्हणजे गोंधळ होणार नाही.

पूल संध्याकाळी बघा, टूरच्या बस गेल्यावर. कमानीसारखे गोल गर्डर मूळचे आहेत, जावाहून आणलेले. मधले दोन सरळ, कोनांचे आहेत ते युद्धानंतर बसवले, कारण दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तिथले मूळ गाळे पाडले होते. पुलावरून चालता येतं. गाडी आली तर मधे मधे आसऱ्याचे कट्टे आहेत, तिथे उभं राहायचं. नदीचं नाव तेव्हा मे क्लाँग होतं. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा सिनेमा पाहून लोक क्वाय नदी शोधत येऊ लागले तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या या भागाचं नाव ख्वे याई झालं. आणि ते दगडी स्मारक, ज्याच्यापाशी मी पहिल्या वेळी पोचू शकलो नाही, ते जपानी सैन्यानेच १९४४ मध्ये इथे मेलेल्यांसाठी उभारलेलं आहे.

दुसरा दिवस: हेलफायर पास

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. हेलफायर पास म्हणजे या लाइनसाठी कातळ फोडून केलेली खिंड, आमच्या भाषेत कटिंग. गावापासून ८० किलोमीटर उत्तरेला, ३२३ नंबरच्या हमरस्त्यावर. सकाळी लवकर गाडी भाड्याने घेऊन जावं आणि येताना नाम तोक या शेवटच्या स्टेशनातून ट्रेन पकडावी असं सुचवतो. स्थानिक बसही जाते, पण परतीची शेवटची बस कधी आहे हे चालकाला विचारल्याशिवाय उतरू नका.

इथलं संग्रहालय ऑस्ट्रेलियन सरकार चालवतं. १९९८ मध्ये उघडलं, प्रवेश मोफत. सकाळी नऊ ते चार. ऑडिओ गाईड जरूर घ्या. त्यात वाचलेल्या कैद्यांचे स्वतःचे आवाज आहेत, जिथली गोष्ट तिथेच उभं राहून ऐकता येते. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. माझ्या बायकोचे गुडघे दुखतात, म्हणून ती वरच्या सज्जात बसली. तिथून ख्वे नोई नदीचं खोरं आणि पलीकडचे डोंगर दिसतात. खाली न उतरणाऱ्यांनाही इथे यावंसं वाटेल अशी ती जागा आहे. तुम्ही उतरणार असाल तर पकड असलेले बूट, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम घ्या.

मी खाली उतरलो आणि कटिंगच्या तोंडाशी थांबलो. दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर बांबूचं रान, मधे स्लीपर आणि रुळांचा एक तुकडा. घाटात मी अशा कटिंगमधून हजारदा गेलो आहे. पण आमच्या कटिंगमध्ये कातळावर काळ फिरला आहे. इथे हाताचे घाव अजून कोरे दिसतात.

कातळाच्या भिंतीवर उभ्या, अर्धगोल खोबणी शोधा. ती सुरुंगाची भोकं आहेत. एक जण पहार धरायचा आणि प्रत्येक घावानंतर ती जराशी फिरवायचा, दुसरा घण घालायचा. भोक पुरेसं खोल झालं की दारू भरायची, उडवायची, मग फुटलेला दगड हाताने आणि टोपल्यांनी उपसायचा. आपल्याकडे हे काम वडार करत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी म्हाताऱ्या हातांना असं भोक पाडताना पाहिलं आहे. पोटभर जेवलेला, सरावलेला माणूसही तासाभरात घामाने निथळतो. इथे कैद्यांना सुरुवातीला दिवसाला मीटरभर भोकाचं काम नेमून दिलेलं होतं, ते वाढवत दोन-तीन मीटरवर नेलं. भातावर जगणारी, हिवतापाने आणि जुलाबाने खंगलेली माणसं, पायाला घाण जखमा, अंगावर लंगोटी. शेवटी शेवटी अठरा-अठरा तास. रात्री बांबूच्या मशाली आणि जाळ पेटवून काम चालायचं. वरून पाहणाऱ्याला ती हाडं आणि त्यांच्या सावल्या नरकातल्यासारख्या दिसायच्या, त्यावरून हे नाव पडलं.

एका ठिकाणी कातळात तुटलेलं पहारीचं टोक अजून रुतलेलं आहे. ते शोधा. मी त्याच्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढू शकलो नाही.

दगडाच्या कपारींत लोकांनी छोटे झेंडे, कागदाची लाल फुलं, फोटो खोचलेले असतात. त्यांना हात लावू नका. खडीचा एक खडासुद्धा आठवण म्हणून खिशात घालू नका. रुळांवर आडवं पडून, हात पसरून फोटो काढणारी तरुण मुलं मी पाहिली, आणि त्यांना मी शांतपणे समजावलं. तुम्हीही समजावा. ऐकतात.

कटिंगच्या पलीकडे जुन्या लाइनवरूनच पायवाट जाते. जमेल तेवढं चाला. खांदा भरून काढलेली जमीन, पाण्याला वाट करून दिलेली मोरी, वळण कुठे कसं घेतलं, हे पायांना कळतं. एडवर्ड ‘वीअरी’ डनलॉप या ऑस्ट्रेलियन सर्जनने इथल्या छावण्यांत असंख्य माणसं वाचवली. त्यांची काही राख १९९४ मध्ये याच परिसरात विसर्जित केली. २५ एप्रिलला पहाटे इथे अँझॅक दिनाची, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनाची, मानवंदना असते. त्या दिवसाला जायचं तर राहायची सोय फार आधी करा.

परतताना नाम तोकला या. युद्धानंतर पुढचे रूळ उखडले गेले, आजची गाडी इथपर्यंतच येते, तीही १९५८ पासून. दुपारच्या गाडीत बसा. नाम तोकहून कांचनाबुरीकडे येताना नदी उजव्या हाताला असते, जाताना डावीकडे, त्याप्रमाणे खिडकी धरा. थाम क्रासेपाशी गाडी अगदी हळू होते. एका बाजूला कडा डब्याला खेटून, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि चाकांखाली लाकडी घोड्यांवर, म्हणजे खांबांच्या चौकटींवर, उभा पूल. कैद्यांनी १९४३ मध्ये बांधलेल्या या पुलाच्या मार्गावरून आजही रोज गाडी जाते. सगळे मोबाईल बाहेर काढतात. तुम्ही मिनिटभर नुसता आवाज ऐका.

शेवटची सकाळ: वाट थावोर्न वराराम

हे ठिकाण कुठल्याही टूरमध्ये नाही. मुख्य दफनभूमीपासून चालत जाता येईल असं हे देऊळ, व्हिएतनामी पद्धतीचं. इथल्या स्तूपाखाली आशियाई मजुरांचे, नाव नसलेल्यांचे अवशेष ठेवलेले आहेत. २०२३ मध्ये तमिळ लोकांनी पुढाकार घेऊन इथे एक नडुकल उभारला. नडुकल म्हणजे आपला वीरगळ. माझ्या गावच्या वेशीवर तीन वीरगळ आहेत. एकावरही नाव नाही, वर चंद्रसूर्य आणि खाली लढणारा माणूस. तरी कुणीतरी शेंदूर लावून जातं. हा दगड बघून मला ते आठवले.

खांदे झाकलेले असू द्या, चपला बाहेर काढा, भिक्खूंना विचारून फुलं ठेवा. आम्ही सकाळी आठला गेलो तेव्हा तिथे मलेशियाहून आलेली एक तमिळ बाई होती, सत्तरीची. तिच्या वडिलांचा थोरला भाऊ मळ्यावरून तीन महिन्यांसाठी म्हणून गेला होता. घरात त्याचा फोटो नाही. तिने आम्हाला त्याचं नाव सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आणि आम्हा दोघांना ते नीट म्हणता येईपर्यंत थांबली.

बँकॉकला जाणारी गाडी चुकू नये म्हणून देवळात सकाळी लवकरच जा. स्टेशन जवळ आहे, पण तिथून पाय लगेच निघत नाही.